इंजिनाला हळद-कुंकू

शिवाजी पेठेत चौतिशीतल्या बाईनं संध्याकाळी दारात बसून पालेभाजी निवडावी, अशी लोकांची साधी अपेक्षा असते. मी त्या वेळेला कानावर हेडफोन चढवून पडद्यावर कुणातरी अनोळखी माणसाचा जीव घेत बसलेली असते. दिवसभर शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी शिकार करायची, असा माझा दिनक्रम. शेजारच्या काकू खिडकीतून बघतात आणि आईला विचारतात, "पोरगी कुणावर वराडतीया?" आई म्हणते, "कंपुटरवर. माणसांवर वराडण्यापेक्षा बरं हाय की." खरं म्हणजे मी दोघांवरही ओरडते. आमच्या घरात कुणी हळू बोलायला लागलं की त्याच्या कपाळाला हात लावून बघतात, ताप आहे का म्हणून.

हा कॉम्प्युटर माझा स्वतःचा. एकेक भाग निवडून, भांडून, घासाघीस करून मी तो जोडलाय. त्याच्या डब्यावर कुणी टॉवेल वाळत घातला तर माझं टाळकं फिरतं आणि चहाचा कप ठेवला तर विचारूच नका. असा माझा कॉम्प्युटर मी आप्पांच्या हाती दिला, तोही हसत हसत.

आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर. कोल्हापूर-गडहिंग्लज ही त्यांची लाइन. कागल, निपाणी, संकेश्वर हा सगळा रस्ता त्यांच्या हातांना पाठ होता. निपाणीच्या पुढं गाडीत निम्मं मराठी, निम्मं कानडी चालायचं, म्हणून आप्पा खरे चिडले की अजून कानडीतच चिडतात. रिटायर झाल्यावर त्यांनी एका शाळेची व्हॅन चालवली. मग साखरेनं उजव्या डोळ्याचा पडदा खराब झाला. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यानं नीट अंतर कळत नाही, आता गाडी चालवणं बंद. आप्पांनी वाद घातला नाही. व्हॅनची किल्ली मालकाच्या हातात ठेवली, घरी आले आणि गप्प झाले.

ज्या माणसाच्या हाकेनं स्टँडवर झोपलेले प्रवासी दचकून उठायचे, तो माणूस आमटीत मीठ नसलं तरी बोलेना. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं, दुपारी जेवायला यायचं, परत कट्टा. रिक्षातून कुठं जायची वेळ आली तर डोळे मिटून बसायचे. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "डोळा एकच गेलाय, पर माणूस अख्खा गेल्यागत झालाय." मला ते ऐकून भाकरी गिळवेना.

त्याच सुमाराला माझ्या एका मित्राचं लग्न ठरलं. होणाऱ्या बायकोनं त्याला सांगितलं, घरात एक तर ते गेमचं स्टेअरिंग राहील, नाहीतर मी. मित्र दोन दिवस विचारात होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. शेवटी ते स्टेअरिंग, पायातल्या पेडलांसकट, आमच्या घरी आलं. मी बस चालवायचा एक गेम टाकला आणि आप्पांना म्हणाले, "बसा."

"खेळण्यातली गाडी व्हय? मी काय बारकं पोरगं हाय?"

"आप्पा, एका डोळ्याला अंतर कळत न्हाय, पण हा पडदा सपाट हाय. हितं दोन डोळेवाल्यालाबी अंतर कळत न्हाय. तुम्ही आणि मी सारखंच."

ते बसले. आधी त्यांनी स्टेअरिंगला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला, रोज डेपोतून गाडी काढताना लावायचे तसा. गेममध्ये मी असा देश निवडला होता, जिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात. त्या देशात हॉर्न कुणी वाजवत नाही. आप्पांनी पहिल्या वळणावर वाजवला, दुसऱ्यावर वाजवला, मग बोट तिथंच ठेवलं. "आरं ए, आडवं काय घुसतोस? लायसन हाय का तुझ्याकडं?" असं म्हणून पुढं त्यांनी त्या गोऱ्या मोटारवाल्याला कानडीत असं काही सुनावलं की आई हातात पळी घेऊन बाहेर आली. दारात उभी राहिली, पदरानं डोळे टिपले आणि परत आत गेली. आप्पा परत आले होते. मला तर इतका आनंद झाला की मी त्या दिवशी माझी शिकार रद्द केली.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात बस चालली. आणि मग त्या बसनं घोटाळा केला.

त्या गेममधल्या शहरात स्टेशनासमोर एक मोठा चौक आहे. सगळीकडून गाड्या येतात, माणसं रस्ता ओलांडतात, सिग्नल लागतात. तिथं पोचलं की चित्र अडकायचं. एक क्षण थांबायचं, मग बस एकदम पुढं उडी मारायची. आप्पांनी एकदा एका मोटारीला ठोकलं, एकदा विजेच्या खांबाला. त्यांनी पाय काढून घेतला आणि हळूच म्हणाले, "डावा डोळाबी चाललाय वाटतं."

"आप्पा, डोळा न्हाय. मशीन अडकालंय."

"मशीनला कशाला नाव ठेवतीस? तुझा खेळ तर झकास चालतोय की." ते उठले, चपला घातल्या आणि कट्ट्यावर गेले. दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगकडं बघितलंसुद्धा नाही. उभ्या आयुष्यात ज्यानं गाडीला ओरखडा लावला नाही, तो माणूस चित्रातल्या खांबाला ठोकल्याचं मनाला लावून बसला. मी कितीही घसा फोडला तरी आप्पा माझं ऐकणार नव्हते. आता मशीन दुरुस्त करून दाखवणं एवढा एकच मार्ग होता.

माझा खेळ झकास चालत होता हे खरंच होतं, म्हणून मला आधी उमजेना. मग मी मशीनवर कुठल्या भागाला किती काम पडतंय ते दाखवणारी खिडकी उघडली आणि बस घेऊन त्या चौकात गेले. चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड निम्मं पेंगत होतं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, मात्र धापा टाकत होता. कारण उघड होतं. माझ्या खेळात दोन-चार माणसं आणि चार भिंती. आप्पांच्या चौकात शेकडो गाड्या, प्रत्येकीनं कुठं वळायचं, कुणी कधी थांबायचं, ह्या सगळ्याचा हिशोब एकटा प्रोसेसर करणार. तो माझा प्रोसेसर मी घेतला तेव्हाही स्वस्तातलाच होता.

मग आठवडाभर मी शाळेतून आले की प्रोसेसरच निवडत होते. जेवताना एका हातात भाकरी, एका हातात मोबाईल. नव्या पिढीचा घ्यावा तर तो ज्याच्यावर बसतो तो बोर्ड बदला, रॅम बदला, म्हणजे नळाचा वायसर गेला म्हणून न्हाणीघर पाडून बांधण्यातला प्रकार. माझ्या जुन्या बोर्डात बसणारा, त्या पिढीतला सगळ्यात शेवटचा एक होता. कोर, म्हणजे आतले काम करणारे हात, आठच, पण आतली कॅश मेमरी भरपूर मोठी. लागणारी माहिती प्रोसेसरच्या हाताशीच राहते, दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. असल्या गर्दीच्या गेमला तेच लागतं.

राजारामपुरीतल्या माझ्या दुकानदाराला ते पटेना. हा माणूस गिऱ्हाइकाला पावणं म्हणतो आणि शत्रूसारखा भांडतो. "पावणं, बारा कोरचा घ्या. आठ घेऊन काय करताय? घ्यायचंच तर मोठं घ्या."

"बारातलं चार कोर झोपून राहतील. त्यांना काय पगार देऊ?"

"मग नवीन बोर्डच घ्या की! पाच वर्षं बघायला नको."

"मला पाच वर्षं न्हाय बघायची. मला एक चौक पार करायचाय."

मग मी त्याला आप्पांचं सगळं सांगितलं. त्यानं पुण्याला फोन लावला, प्रोसेसर मागवला आणि तो येईपर्यंत माझा कॉम्प्युटरचा डबा ठेवून घेऊन जुन्या बोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख पटावी म्हणून करायचं अपडेटही करून दिलं.

घरी आप्पांनी कट्ट्यावरून आल्या आल्या विचारलं, "काय आणालीयस म्हणं?"

आता त्यांना कोर आणि कॅश काय सांगू? मी म्हणाले, "आप्पा, आपल्या गाडीचं टायर चांगलं हायत. बॉडी चांगली हाय. ड्रायव्हर तर एक नंबर. इंजिन म्हातारं झालंय. इंजिन बदलायचं."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. "किती शिलिंडर?"

"आठ."

"आठ?" ते खुर्चीत सरळ झाले. "आयला, आमच्या एसटीला सहाच हुती!"

प्रोसेसर आला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मी आप्पांना खोका उघडून दाखवला. त्यांनी तो उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "एवढंसं? हे तर तळहातावर मावतंय." मला दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा दिवस शाळा होती. "दुपारी येते आणि बसवते," असं म्हणून मी खोका टेबलावर ठेवला आणि झोपायला गेले.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा असते. सुताराची करवत, शेतकऱ्याचं खुरपं, गवंड्याची थापी, ज्याचं जे पोटापाण्याचं हत्यार ते पाटावर. आमच्या घरी आईची शिवणाची कात्री आणि आप्पांचा नट-बोल्टाच्या पान्यांचा डबा. दुपारी मी घरात पाऊल टाकलं तर उदबत्तीचा वास आणि झेंडूची फुलं. पाटावर कात्री, पाने, माझं स्टेअरिंग. आणि मधोमध, मानाच्या जागी, उलटा पालथा पडलेला माझा नवा प्रोसेसर. खालच्या बाजूच्या सोनेरी पिना आप्पांना त्याचं तोंड वाटल्या असणार, कारण त्या वर होत्या. त्या बारीक केसासारख्या पिनांवर ओलं हळद-कुंकू. त्याच्यावर अक्षता. एक तांदळाचा दाणा तर पिनांच्या मधे घट्ट उभा राहिला होता. बाजूला नारळ फोडला होता आणि त्याच्या पाण्याचे शिंतोडे सगळ्यांना सारखेच मिळाले होते.

मी किंचाळले. शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

"आप्पा! ह्ये काय करून ठेवलंय? आवो त्याला पाणी चालत न्हाय, हात लावलेला चालत न्हाय, आणि तुम्ही त्याला आंघोळ घातली? कुणाला विचारलं? वाटोळं केलं सगळ्याचं!" आणखी बरंच बोलले. माझं तोंड सुटलं की ते माझं राहत नाही.

आप्पा पाटासमोर धुतलेल्या सदऱ्यात, मांडी घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "इंजिनाची पूजा केल्याबिगर मी कधी गाडी काढली न्हाय," एवढंच म्हणाले, गुडघ्याला हात टेकून उठले आणि बाहेर गेले.

आई आतून आली. ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडू शकते, पण त्या वेळी हळू बोलली आणि म्हणून मला जास्त लागलं. "तूच इंजिन म्हणालीस न्हवं? मग त्या माणसानं काय करायचं? सगळा जन्म दसऱ्याला डेपोत. आपण हितं सोनं वाटायचो आणि ह्ये तिकडं गाडीला हार, ऊस, केळीचं खुंट बांधत बसायचे. सरकारची गाडी. मग व्हॅन, ती मालकाची. स्कूटर तुझी. काल रात्री मला म्हणाले, आपल्या घरची ही पहिलीच गाडी बघ."

मी पाटाजवळ खाली बसले आणि रडले. लाज वाटली, राग आला, आणि मधेच त्या उभ्या तांदळाकडं बघून हसूही आलं. आईनं पदर खोचला. "रडून हळद निघती व्हय? ऊठ. कुठं न्यायचं ते सांग."

स्कूटरवर मी पुढं, मागं आई, तिच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा आणि माझ्या पर्समध्ये कापसात गुंडाळलेलं हळद लागलेलं इंजिन. बिंदू चौकात सिग्नलला एका माणसानं विचारलं, "मावशी, मिक्सर व्हय?" आई म्हणाली, "बस हाय."

दुकानातही पूजा झाली होती, पण दुकानदारानं हळद-कुंकू शहाण्या माणसासारखं डब्यांच्या पत्र्यावर लावलं होतं. माझा प्रोसेसर बघून त्यानं आधी हात जोडले, मग पोट धरून हसला. "पावणं, वॉरंटीत हळद-कुंकू बसत न्हाय बघा."

"हसू नका, चालंल का सांगा."

"लावल्याबिगर कसं सांगू?"

त्यानं भिंग लावलं. चिमट्यानं तांदूळ काढला, स्पिरिटमध्ये मऊ ब्रश बुडवून पिनांच्या मधून फिरवला, पुन्हा फिरवला. काही पिना वाकल्या होत्या. त्या त्यानं पातळ पात्यानं एकेक करून सरळ केल्या, आणि तेवढा वेळ दुकानात आई, मी आणि तो, तिघांपैकी कुणीही बोललं नाही. कोल्हापुरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पूर्ण वाळू दिला, बोर्डात ठेवला. बसला. पंखा लावला, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. मी आईचा हात धरला. पडदा काळाच. मी मनात अंबाबाईला म्हणाले, तुझंच हळद-कुंकू आहे, आता तूच बघ. आणि पडद्यावर अक्षरं आली.

"नाद खुळा!" दुकानदार ओरडला. आईनं त्याच्या हातात घरून आणलेलं खोबरं आणि साखर ठेवली. ती ते बरोबर घेऊन आली होती, म्हणजे तिची खात्री होती म्हणायची. "कडंला जरा पिवळं राहिलंय," तो म्हणाला, "काढू का?" मी म्हणाले, राहू दे.

घरी आल्यावर मी आप्पांना म्हणाले, "चालू झालं. बसा." ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तुझं मशीन हाय. मी हात लावला की वाटोळं हुतंय." माझेच शब्द. ते रात्री जेवले, पण गप्प. मशीन सुधारलं होतं आणि ड्रायव्हर मी घालवला होता.

दसऱ्याच्या सकाळी मी मंडईतून झेंडू आणि एक लिंबू आणलं. स्टेअरिंगला हार घातला. लिंबू ॲक्सिलरेटरच्या पेडलाखाली ठेवलं, त्याच्याखाली जाड प्लास्टिक आणि जुना पेपर पसरला. आप्पांचीच मुलगी असले तरी कालचं विसरले नव्हते. मग तालमीच्या कट्ट्यावर गेले. तिथं पेठेतली सगळी म्हातारी मंडळी नव्या कपड्यांत बसली होती. मी सगळ्यांसमोर, स्टँडवरच्या कंट्रोलरसारखी, मोठ्यानं म्हणाले, "गडहिंग्लज गाडीचं ड्रायव्हर कोण हाय? गाडी कवाची लागलीया. प्यासेंजर खोळंबलंय!"

कट्टा हसला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं ते लपवलं पण नाही. "आप्पा, काल मी चुकीचं बोलले. चला. तुमच्याबिगर ती गाडी मी कुणाला देणार न्हाय."

शेजारी बसलेला एक म्हातारा म्हणाला, "जा की गा, पोरगी बोलवालीया न्हवं." आप्पा उठले.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले. हार बघितला, वाकून पेडलाखालचं लिंबू बघितलं आणि पहिल्यांदा हसले. स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. पाय दाबला. लिंबू फचकन फुटलं, सगळ्या खोलीत वास सुटला, आणि बस निघाली.

मी पडद्याकडं बघत नव्हते, त्यांच्या हातांकडं बघत होते. चौक जवळ आला तसा त्यांनी वेग कमी केला. हात आवळले. गाड्या चारी बाजूंनी आल्या, माणसं आडवी आली, सिग्नल बदलला. चित्र कुठंही अडकलं नाही. बस लोण्यासारखी वळली, खांबाला आणि मोटारीला हातभर अंतर ठेवून. पलीकडं गेल्यावर आप्पांनी श्वास सोडला.

"डोळा न्हवता तर," ते म्हणाले.

"न्हवता आप्पा. मी सांगत हुते की."

"इंजिनच हुतं." आणि मग बोट हॉर्नवर ठेवून त्यांनी त्या सगळ्या देशाला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

पुढच्या थांब्यावर त्यांनी बस उभी केली, दार उघडलं आणि मान वळवून आईला हाक मारली. आई ठेवणीतली साडी नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन, देवळात जायला निघाली होती. "ये. बस. लगीन झाल्यापासनं म्हणालीयस, तुमच्या गाडीत कधी बसाय मिळालं न्हाय."

आईनं आपट्याची पानं पाटावर ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या हाताला, पहिल्या सीटवर बसावं तशी, पदर सावरून बसली. "आणि ही जातीया कुठं?" तिनं विचारलं. "रूट कुठला?"

आप्पांनी दार बंद केलं, आरशात बघितलं आणि गियर टाकला.

"रूट बिट काय न्हाय," ते म्हणाले. "गाडी आपली हाय."